फॉल आला, घरात लहान मूल आहे: अमेरिकेतल्या मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट सरत आला की तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. त्यातले सर्वाधिक विचारले जाणारे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः न्यू जर्सी, न्यूयॉर्क, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय, मिशिगन अशा थंड राज्यांतल्या, साधारण आठ वर्षांपर्यंतची मुलं असलेल्या घरांसाठी आहेत. शाळेचे नियम राज्यागणिक आणि स्कूल डिस्ट्रिक्टगणिक (डिस्ट्रिक्ट म्हणजे गावातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) बदलतात, त्यामुळे शेवटचा शब्द तुमच्या शाळेच्या ऑफिसचा. एक मात्र सगळीकडे खरं: या ऋतूतल्या जवळजवळ प्रत्येक कामाला एक तारीख आहे, आणि बहुतेक धावपळ ती तारीख आठवडाभर उशिरा लक्षात आल्याने होते.

१. शाळा नक्की कधी सुरू होते? आमची मुलगी यंदा किंडरगार्टनला बसेल का?

जॉर्जिया, टेक्सससारख्या दक्षिणेकडच्या राज्यांत ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच शाळा भरते. न्यू जर्सी, न्यूयॉर्ककडे बहुतेक ठिकाणी लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारनंतर. किंडरगार्टनसाठी, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गासाठी, मूल ठरावीक तारखेपर्यंत पाच वर्षांचं पूर्ण व्हावं लागतं. इलिनॉय आणि कॅलिफोर्नियात ही तारीख १ सप्टेंबर आहे. न्यूयॉर्क शहरात त्या कॅलेंडर वर्षात ३१ डिसेंबरपर्यंत पाच पूर्ण झाली तरी चालतात. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये डिस्ट्रिक्ट ठरवतं. म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबरात जन्मलेल्या मुलाला एका गावात प्रवेश मिळतो आणि शेजारच्या गावात मिळत नाही. घर बदलणार असाल तर लीजवर सही करण्याआधी हे विचारून घ्या.

२. प्रवेशाला कोणते कागद लागतात?

जन्मदाखला किंवा पासपोर्ट, पत्त्याचे पुरावे (लीज आणि त्याच पत्त्यावरचं वीज किंवा गॅसचं बिल), लसीकरणाची नोंद, आणि गेल्या वर्षभरातल्या शारीरिक तपासणीचा डॉक्टरांनी भरलेला फॉर्म. गाडं अडतं ते शेवटच्या कागदावर. ऑगस्टमध्ये बालरोगतज्ज्ञांच्या तपासणीच्या वेळा भरलेल्या असतात, त्यामुळे अपॉइंटमेंट जूनमध्येच घ्यावी. जन्मदाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत द्या.

३. भारतात सगळ्या लसी वेळेवर दिल्यात, तरी शाळेने नोंद "अपूर्ण" म्हणून परत पाठवली. का?

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. कारणं बहुतेक वेळा खालच्यापैकीच असतात.

गोवराची पहिली लस. भारतात ती नऊ महिन्यांना देतात. अमेरिकेत पहिल्या वाढदिवसाआधी दिलेला गोवर-गालगुंड-रुबेलाचा डोस मोजत नाहीत. त्यामुळे नऊ महिने आणि पंधरा महिने असे दोन डोस झालेल्या मुलाच्या नावावर इथे एकच डोस धरला जातो आणि आणखी एक घ्यावा लागतो.

पोलिओचे थेंब. १ एप्रिल २०१६ नंतर तोंडावाटे दिलेले डोस इथे धरत नाहीत, कारण त्या थेंबांत पोलिओच्या तीनही प्रकारांपासून संरक्षण नसतं. इंजेक्शनचे डोस धरतात. पल्स पोलिओच्या रविवारी पाजलेले थेंब कितीही असले तरी इथल्या हिशेबात ते शून्य.

चौथ्या वाढदिवसानंतरचे डोस. घटसर्प-डांग्या खोकला-धनुर्वाताचा आणि पोलिओचा शेवटचा डोस चार वर्षं पूर्ण झाल्यावर दिलेला असावा लागतो. तीन वर्षं अकरा महिन्यांच्या मुलाला निघायच्या गडबडीत दिलेला बूस्टर म्हणूनच वाया जाऊ शकतो.

कांजिण्या. भारताच्या सरकारी लसीकरणात ही लस नाही, त्यामुळे सरकारी केंद्राच्या कार्डावर ती सापडत नाही. इथे बहुतेक राज्यांत ती लागतेच.

तारखांची गल्लत. आपण ०४/०७ म्हणजे चार जुलै लिहितो, इथली नर्स ते सात एप्रिल वाचते. मग दोन डोसांमधलं अंतर कमी दिसतं, किंवा लस जन्माआधीच दिल्यासारखी वाटते. कार्डाची फोटोकॉपी काढून प्रत्येक तारखेपुढे महिना अक्षरांत लिहा आणि त्यावर डॉक्टरांची सही घ्या.

शिवाय काही शाळा क्षयाची चाचणी मागतात. बीसीजी घेतलेल्या मुलाची हातावरची त्वचाचाचणी त्या लसीमुळेच फुगू शकते. दोन वर्षांवरच्या मुलासाठी रक्ताची चाचणी करता येईल का ते डॉक्टरांना विचारा, म्हणजे विनाकारण छातीचा एक्स-रे टळतो.

डोस राहिले म्हणून लगेच घाबरू नका. एकाच भेटीत तीन-चार लसी देता येतात, आणि अनेक राज्यांत उरलेल्या डोसांची अपॉइंटमेंट दाखवली की मुलाला तात्पुरता प्रवेश मिळतो.

४. "घरी कोणती भाषा बोलता?" या फॉर्मवर मराठी लिहिलं तर मुलाला मागच्या वर्गात टाकतील का?

नाही. मराठी लिहिलं की शाळा मुलाची इंग्रजीची छोटी चाचणी घेते. गरज दिसली तर रोज किंवा आठवड्यातून काही वेळ इंग्रजीची वेगळी मदत मिळते. वर्ग तोच राहतो. मदत नको असेल तर पालक लेखी नकार देऊ शकतात. खोटं "इंग्रजी" लिहू नका. घरात फक्त मराठी ऐकलेलं मूल वर्गात गप्प राहिलं तर मराठी लिहिलेल्या फॉर्ममुळे शिक्षिकेला त्याचं कारण कळतं. तसं लिहिलं नसेल तर ती बोलण्यातली अडचण समजून दुसऱ्याच तपासण्यांकडे वळते. आणि शाळा सुरू झाली म्हणून घरी मराठी बंद करण्याचंही कारण नाही. इंग्रजी शाळेत येतंच.

५. पहिल्या दिवसाआधी मुलाला काय काय स्वतःचं स्वतः यायला हवं?

अक्षरं-आकडे नंतर. आधी बाथरूम. आपल्या मुलांना पाण्याची सवय असते आणि शाळेत फक्त कागद असतो. दोन आठवडे आधीपासून घरी कागदाने पुसायला शिकवा: चार-पाच चौकोन घडी करायचे, पुढून मागे पुसायचं, कागद स्वच्छ निघेपर्यंत. प्रीस्कूलमध्ये ओले वाइप्स ठेवता येतात का ते विचारा.

शब्दांचंही तेच. "शू आली" हे बाईंना कळत नाही, मूल दोनदा सांगून गप्प बसतं आणि मग कपडे ओले होतात. "बाथरूम", "वॉटर", "हेल्प", "हर्ट" एवढे चार शब्द आणि हात वर करणं पुरतं. पहिल्याच दिवशी शिक्षिकेला एका चिठ्ठीवर "शू", "शी", "पाणी", "दुखतंय" हे इंग्रजी अक्षरांत, अर्थासह लिहून द्या. मुलाच्या नावाचा उच्चारही त्याच चिठ्ठीवर तोडून लिहा.

बाकी: जॅकेटची चेन खालून अडकवून वर ओढणं, वेल्क्रोचे बूट, डब्याचं झाकण. दप्तरात कपड्यांचा एक जादा जोड ठेवा, त्यात मोजेसुद्धा.

६. डब्यात काय द्यावं? शाळा "नट-फ्री" आहे.

नट-फ्री म्हणजे शेंगदाणे, काजू, बदाम, पिस्ते, अक्रोड काहीही नको. आपल्या स्वयंपाकात हे वरून दिसत नाही, तिथेच चूक होते. साबुदाण्याची खिचडी, काकडीची कोशिंबीर, भरली वांगी, दडपे पोहे, लाल चटणी: सगळ्यात दाण्याचं कूट. शिऱ्यात काजू. डिंकाच्या लाडवात बदाम. ज्या मिक्सरमध्ये कूट केलं त्यातच न धुता वाटलेली चटणीही धोक्याची. तिळाची ॲलर्जीही इथे गंभीरपणे घेतात. २०२३ पासून अमेरिकेत पाकिटावर नाव छापावं लागणाऱ्या ॲलर्जीच्या नऊ मुख्य पदार्थांत तीळ आहेत. वर्गात तशी ॲलर्जी असलेलं मूल असेल तर तिळाची चटणी आणि तीळ लावलेली भाकरीही टाळा.

चालणारे पदार्थ: तूप-साखरेची पोळीची गुंडाळी, बटाट्याच्या भाजीची गुंडाळी, गुळाचा पोळीचा लाडू, छोट्या इडल्या, धिरडं, मेथीचा पराठा, मटार घातलेला मऊ भात, दही वेगळ्या डबीत. पाच वर्षांखालच्या मुलाला द्राक्षं देताना उभी चार तुकड्यांत कापा. अख्खं द्राक्ष घशात बुचासारखं बसतं.

जेवायला प्रत्यक्षात वीस-पंचवीस मिनिटं मिळतात, आणि काही शाळांत किंडरगार्टनची पाळी पावणेअकरालाच लागते. म्हणून हाताने खाता येईल असा एक पदार्थ, एक फळ आणि एक छोटा खाऊ पुरे. दोन भाज्या-पोळी-भाताचा डबा उघडेपर्यंत घंटा होते.

शाळेतलं जेवण घ्यायचं असेल तर, कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा, मिशिगन, मेन यांसारख्या राज्यांत सरकारी शाळांत ते सगळ्या मुलांना मोफत आहे. शाकाहारी असाल तर नुसतं "व्हेजिटेरियन" म्हणू नका. "मांस, मासे, अंडं, जिलेटिन नाही" असं जे लागू असेल ते लिहून द्या (जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून बनतं).

७. गरम डबा शाळेत गारच निघतो, किंवा मुलगी तो न उघडताच परत आणते. काय चुकतंय?

गार निघतो कारण स्टीलचा थर्मास आतून थंड असतो आणि अन्नातली उष्णता तोच शोषतो. सकाळी त्यात उकळतं पाणी भरून झाकण लावून दहा मिनिटं ठेवा. पाणी ओता, लगेच वाफाळतं अन्न काठोकाठ भरा. अर्धा भरलेला थर्मास लवकर निवतो. भात नेहमीपेक्षा थोडा सैल ठेवा, दुपारपर्यंत तो आळतो.

उघडत नाही कारण गरम अन्न निवताना आत हवेची पोकळी तयार होते आणि झाकण घट्ट बसतं. मोठ्या तोंडाचा थर्मास घ्या, झाकण पूर्ण आवळू नका, आणि घरी जेवताना चार-पाच दिवस तिलाच उघडायला लावा. तरीही डबा भरलेला येत असेल तर कारण बहुधा वास किंवा "हे काय आहे?" हा शेजारच्या मुलाचा प्रश्न असतो. त्यावर तिला एका वाक्याचं उत्तर शिकवून ठेवा: इट्स लाइक अ टॉर्टिया. पोळीपुरतं ते पुरेसं खरं आहे.

८. आजी-आजोबा आलेत. ते नातवाला बसस्टॉपवरून किंवा शाळेतून आणू शकतात का?

हो, पण त्यांची नावं शाळेच्या "पिकअप" यादीत आधी लिहिलेली हवीत आणि सोबत फोटो असलेलं ओळखपत्र हवं. त्यांच्याकडे बहुधा पासपोर्टच असतो. मूळ पासपोर्ट रोज खिशात फिरवण्यापेक्षा त्याची प्रत आणि फोनमधला फोटो चालेल का ते ऑफिसला विचारा. अनेक डिस्ट्रिक्टमध्ये किंडरगार्टनच्या मुलाला घ्यायला मोठं माणूस स्टॉपवर दिसलं नाही तर ड्रायव्हर मुलाला उतरवत नाही, परत शाळेत नेतो.

आजोबांना दोन गोष्टी नक्की सांगा. बस येण्याच्या पाच मिनिटं आधी उभं राहायचं, आणि बसच्या चारही बाजूंनी दहा फुटांच्या आत मुलाने थांबायचं नाही, तिथलं ड्रायव्हरला दिसत नाही. रस्ता ओलांडायचा असेल तर बसच्या पुढून, ड्रायव्हरची खूण झाल्यावरच. काही खाली पडलं तरी उचलायला वाकायचं नाही.

९. सकाळी ४५ अंश फॅरनहाइट, दुपारी ७०. कपडे घालायचे तरी कसे?

थरांनी. आत पातळ पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्यावर चेनचं फ्लीस, वर वारा-पाऊस अडवणारं पातळ जॅकेट. जाड कोट नोव्हेंबरपर्यंत कपाटातच राहू द्या. तो घातला की मूल मधल्या सुट्टीत घामेजतं, कोट काढून मैदानात टाकतं आणि दुपारी बिनकोटाचं घरी येतं. तान्ह्या बाळाला आपल्यापेक्षा एक थर जास्त, दोन नाही. मानेमागे हात लावून बघा: घाम असेल तर थर कमी करा. हातपाय गार लागतात म्हणून कपडे वाढवू नका, बाळाचे हात एरवीही गारच असतात.

प्रत्येक कपड्यावर नाव हवं, मोज्यांवर आणि कानटोपीवरही. गळ्याशी नाडी असलेले हूड लहान मुलांना घेऊ नका, घसरगुंडीवर नाडी अडकते. स्नोपँट आणि बूट ऑक्टोबरातच घ्या. पहिल्या बर्फानंतर लहान मापं दुकानात उरत नाहीत.

१०. जॅकेट घालून कारसीटमध्ये बसवायचं नाही म्हणतात, ते खरंच का?

खरंच. फुगीर जॅकेट अपघाताच्या क्षणी चपटं होतं, पट्टा तेवढाच सैल पडतो आणि मूल त्यातून निसटू शकतं. घरी करून बघा. जॅकेट घालून पट्टे घट्ट करा. पट्टे सैल न करता मुलाला बाहेर काढा, जॅकेट उतरवा आणि पुन्हा बसवून पट्टे लावा. आता कॉलरबोनजवळ पट्टा दोन बोटांच्या चिमटीत उभा धरता आला, तर ते जॅकेट गाडीत चालणार नाही. फ्लीस बहुधा या कसोटीला उतरतं. छातीची क्लिप काखेच्या पातळीवर हवी, पोटावर नको. थंडी वाजत असेल तर पट्टे लावून झाल्यावर वरून दुलई घाला, किंवा कोट उलटा, बाह्या पुढून घालून.

सणाच्या कपड्यांनाही हेच लागू. परकराचा घोळ दोन पायांमधल्या बकलखाली गोळा होतो आणि बकल अर्धवट लागतं. परकर वर सरकवून बकल थेट लेगिंग्जवर लावा, मग घोळ वरून सोडा. जाड अस्तराची शेरवानी हॉलवर पोचल्यावरच घाला.

११. शाळा सुरू झाल्यापासून मुलगा सारखा आजारी. हे नॉर्मल आहे का? घरी कधी ठेवायचं?

लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा पडसं होतं, आणि डेकेअरच्या पहिल्या वर्षात त्याहून जास्त. त्यातली बरीचशी सप्टेंबर ते मार्चमध्ये येतात, म्हणून महिन्यातून एक-दोनदा नाक वाहणं नेहमीचंच. ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त असेल, उलट्या-जुलाब असतील, किंवा मूल खेळण्याच्या मनःस्थितीत नसेल तर घरी ठेवा. तापाचं औषध न देता २४ तास ताप नसला की परत पाठवा. सकाळी औषध पाजून पाठवलं तर अकराच्या सुमारास नर्सचा फोन येतोच, आणि तोवर वर्गातल्या चार जणांना लागण झालेली असते.

तीन महिन्यांखालच्या बाळाला १००.४ ताप आला तर वाट पाहू नका, दिवस असो की रात्र, लगेच डॉक्टरांना फोन करा. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल किंवा आठ तासांत लघवीच झाली नसेल, तर कोणत्याही वयात तेच.

खोकल्याला चार वर्षांखाली दुकानातलं सिरप देऊ नका. एक वर्षावरच्या मुलाला झोपताना अर्धा ते एक चमचा मध द्या. एक वर्षाच्या आत मध अजिबात नको, गुटीत उगाळूनसुद्धा. त्यातून बोट्युलिझम, म्हणजे जिवाणूच्या विषाने होणारा गंभीर आजार, होऊ शकतो.

१२. भारतातून आणलेलं क्रोसिन संपवू की टायलेनॉलच देऊ?

औषध एकच. भारतात त्याला पॅरासिटामॉल म्हणतात, इथे ॲसिटामिनोफेन. घोळ होतो तो तीव्रतेचा. इथलं मुलांचं सिरप ५ मिलीत १६० मिलिग्रॅम असतं. भारतातलं सिरप ५ मिलीत १२० किंवा २५० आणि ड्रॉप्स १ मिलीत १०० मिलिग्रॅम. इथल्या डॉक्टरांनी फोनवर "५ मिली द्या" म्हटलं आणि तुम्ही तेवढे भारतातले ड्रॉप्स दिले, तर १६० च्या जागी ५०० मिलिग्रॅम पोटात जातं. तिपटीहून जास्त. त्यामुळे घरात एकच बाटली ठेवा, इथली. आजी-आजोबांच्या बॅगेतली बाटली मुलांच्या औषधांत मिसळू देऊ नका. मात्रा वजनावर ठरते, आणि दोन डोसांत किमान चार तास हवेत. दोघं आळीपाळीने जागत असाल तर फ्रिजवरच्या कागदावर वेळ लिहा, नाहीतर एकच डोस दोनदा जातो.

१३. फ्लूची लस कधी? एकदा की दोनदा?

सहा महिन्यांवरच्या सगळ्यांनी ऑक्टोबर संपायच्या आत घ्यावी. सहा महिने ते आठ वर्षांचं मूल आयुष्यात पहिल्यांदाच फ्लूची लस घेत असेल तर त्याला दोन डोस लागतात, किमान चार आठवड्यांच्या अंतराने. म्हणून अशा मुलाचा पहिला डोस सप्टेंबरातच द्या. नुकतंच भारतातून आलेलं मूल बहुधा याच गटात मोडतं. न्यू जर्सीत डेकेअर-प्रीस्कूलला जाणाऱ्या पाच वर्षांखालच्या मुलाला ३१ डिसेंबरपर्यंत लस घेतल्याचा कागद द्यावा लागतो. दवाखान्यात अपॉइंटमेंट मिळत नसेल तर फार्मसीत विचारा, पण किती वर्षांच्या मुलाला तिथे लस देतात हे राज्याप्रमाणे बदलतं.

१४. हीटिंग सुरू झालं की मुलाच्या नाकातून रक्त येतं, अंग खाजतं. काय करावं?

हवा कोरडी पडते. साधा आर्द्रतामापक आणा आणि झोपायच्या खोलीत ३० ते ५० टक्के ठेवा. थंड वाफेचा ह्युमिडिफायर घ्या, गरम वाफेचा नको, त्याने भाजतं. पाणी रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. अंघोळ कोमट पाण्याने, दहा मिनिटांत. अंग टिपून ओलसर असतानाच जाड मलम किंवा खोबरेल तेल लावा. मोहरीचं तेल नको, त्याने त्वचा आणखी चिडते. नाकातून रक्त आलं तर मुलाला बसवून थोडं पुढे वाकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं सलग दाबून धरा. मान मागे टाकली की रक्त घशात उतरतं.

फर्नेस पहिल्यांदा सुरू केल्यावर तासभर जळका वास येतो, ती साठलेली धूळ असते. वास त्यापुढे टिकला तर बंद करून दाखवून घ्या. फिल्टर बदला, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालतोय ना ते बटण दाबून पाहा.

१५. आजीने शिवलेली गोधडी बाळावर घालायची की नाही?

बाळ एक वर्षाचं होईपर्यंत क्रिबमध्ये नाही. गोधडी, दुपटं, उशी, मऊ खेळणी, काहीच नको. तोंडावर येऊन श्वास कोंडू शकतो. त्याऐवजी अंगात घालायची झोपेची पिशवी वापरा. खोली ७० अंशांच्या आसपास असेल तर १ टॉगची (टॉग म्हणजे पिशवीच्या उबदारपणाचं माप), ६५ च्या आसपास असेल तर २.५ टॉगची. झोपताना कानटोपीही काढा. गोधडी जमिनीवर अंथरा, पालथं पडून खेळायला तिच्याइतकं चांगलं काही नाही. बाळाला आणि आजीला दोघांनाही ती रोज दिसते.

१६. घड्याळ मागे गेल्यावर मूल पहाटे पाचला उठतं. उपाय?

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोनला घड्याळ एक तास मागे जातं. २०२६ मध्ये तो दिवस १ नोव्हेंबर. ॲरिझोनाचा बहुतेक भाग आणि हवाई इथे बदल नाही. मुलाचं शरीर जुन्याच वेळेवर चालतं, सहाला उठणारं मूल पाचला उठतं. आठ दिवस आधीपासून, दर दोन दिवसांनी जेवण, अंघोळ, झोप सगळं पंधरा मिनिटं पुढे ढकला. नुसती झोपायची वेळ ढकलून जमत नाही, भूक जुन्याच वेळेला लागते. नंतरच्या आठवड्यात पाचला उठलं तर दिवा लावू नका, दूध देऊ नका, सहापर्यंत अंधारच ठेवा. पाचला दूध मिळालं की पाच हीच नवी सकाळ ठरते.

भारतातल्या कॉलचंही बदलतं. पूर्व किनाऱ्यावर फरक साडेनऊ तासांचा साडेदहा होतो. सकाळी साडेआठला लावलेला व्हिडिओ कॉल आजीकडे संध्याकाळी सहाला पोचायचा, तो आता सातला पोचेल. तिची देवापुढे दिवा लावायची वेळ सांभाळायची असेल तर साडेसातला लावा.

१७. पानांच्या ढिगात खेळू द्यावं का?

जरूर, पण अंगणात. रस्त्याच्या कडेला लावलेल्या ढिगात नाही, तिथून गाड्या जातात आणि ढिगातलं मूल ड्रायव्हरला दिसत नाही. ईशान्येकडे आणि मिनेसोटा-विस्कॉन्सिनकडे ऑक्टोबर-नोव्हेंबरातही टिक, म्हणजे हरणांवरच्या गोचिडी, चावतात आणि त्यातून लाइम रोग होतो. पँट मोज्यात खोचा. घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये, जास्त उष्णतेवर दहा मिनिटं. मग केसांची मुळं, कानांमागे, काखा, बेंबी, कमरपट्ट्याची रेघ, गुडघ्यांमागे बघा. टिक तिळाएवढी किंवा त्याहून बारीक असते. सापडली तर टोकदार चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढा. तेल, रॉकेल, पेटती काडी यातलं काहीही लावू नका. तारीख लिहून ठेवा आणि महिनाभरात पुरळ किंवा ताप आला तर डॉक्टरांना ती सांगा.

सफरचंदं तोडायला गेलात तर बागेतला सायडर (सफरचंदाचा रस) पाश्चराइज्ड, म्हणजे तापवून जंतू मारलेला, आहे का ते विचारूनच मुलांना द्या.

१८. हॅलोविनला आम्ही नवे आहोत. काय करायचं असतं?

३१ ऑक्टोबरला संध्याकाळी, बहुतेक गावांत साडेपाच ते आठ. ज्या घराबाहेर दिवा लागलाय तिथेच जायचं, एकच चॉकलेट घ्यायचं, थँक यू म्हणायचं. तुमच्याकडे मुलं यायला नको असतील तर बाहेरचा दिवा बंद. दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी आली तर याचीच गंमत होते: तुमचा आकाशकंदील म्हणजे मुलांना आमंत्रण. त्या संध्याकाळी खाऊ तयार ठेवा.

शाकाहारी घरांसाठी: मार्शमॅलो, गमी बेअर आणि कँडी कॉर्नमध्ये सहसा जिलेटिन असतं. चार वर्षांखाली कडक गोळ्या, पॉपकॉर्न आणि अख्खे दाणे काढून घ्या.

एक खास मराठी अडचण. मावळा किंवा शिवाजी महाराजांचा वेश शाळेच्या परेडला छान दिसतो, पण तलवार शाळेत चालत नाही, प्लास्टिकची किंवा पुठ्ठ्याचीसुद्धा नाही. जिरेटोप, अंगरखा आणि भगवा झेंडा द्या. झेंड्याची काठी चालेल का तेही विचारा. तलवार संध्याकाळसाठी ठेवा.

१९. गणपती आणि दिवाळीला शाळा बुडवली तर गैरहजेरी लागते का?

२०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी आहे, म्हणजे बऱ्याच ठिकाणी शाळा सुरू होऊन आठवडाच झालेला असेल. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारी. न्यूयॉर्क शहरात २०२३ च्या कायद्याने दिवाळीला सरकारी शाळांना सुट्टी मिळाली आणि १ नोव्हेंबर २०२४ ला शाळा पहिल्यांदा दिवाळीसाठी बंद राहिल्या. न्यू जर्सीत सुट्टी डिस्ट्रिक्टवर अवलंबून आहे, पण राज्याच्या धार्मिक सणांच्या यादीत दिवाळी आहे; पालकांनी लेखी कळवलं तर ती रजा मुलाच्या विरोधात धरली जात नाही. इतरत्रही आधी ईमेल करा. सणाचं नाव, तारीख आणि "रिलिजस ऑब्झर्व्हन्स" हे शब्द लिहा. दुसऱ्या दिवशी पाठवलेली चिठ्ठी कधी धरतात, कधी नाही.

वर्गात दिवाळीविषयी सांगायला जाणार असाल तर रांगोळीचे रंग आणि एलईडी पणत्या न्या. चकली-लाडू नेण्याआधी प्रश्न ६ वाचा. अनेक शाळांत घरी केलेलं काहीच वाटू देत नाहीत.

२०. लहान मूल घरात असताना पणत्या, फुलबाज्या, कापूर कसं जमवायचं?

कापूर आधी, कारण त्याचा धोका कमी लोकांना माहीत असतो. पूजेची कापराची वडी पांढरी, चौकोनी, खडीसाखरेसारखी दिसते. एक-दोन वर्षांच्या मुलाने एखादी वडी गिळली तरी काही मिनिटांत झटके येऊ शकतात. ताटात सुटी वडी ठेवू नका. डबी वरच्या कपाटात, बंद झाकणाची. आरतीच्या वेळी एकाच माणसाने ती काढायची आणि लगेच परत ठेवायची. सर्दीसाठी कपड्यात बांधून बाळाच्या गळ्यात घालणंही सोडा. गिळल्याचा संशय आला तर उलटी करवू नका. १-८००-२२२-१२२२ या विषबाधा मदत क्रमांकावर फोन करा, झटका आला तर थेट ९११.

फुलबाज्यांचा कायदा राज्यागणिक वेगळा. मॅसॅच्युसेट्समध्ये घरगुती वापराला सगळेच फटाके बंद आहेत, फुलबाजीसुद्धा, आणि शेजारच्या राज्यातून आणलेलीही. जिथे चालते तिथेही पाच वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. टोकाशी उष्णता हजार अंश सेल्सिअसच्या आसपास जाते आणि विझलेली तारही बराच वेळ भाजते. जळलेल्या तारा टाकायला पाण्याची बादली शेजारी ठेवा. पायात बूट, अंगावर सुती कपडे, ओढणी नाही.

अपार्टमेंटच्या लीजमध्ये बाल्कनीत उघडी ज्योत बहुधा मना असते. तेलाच्या दोन पणत्या देवघरात उंचावर, बाकी सगळीकडे एलईडी. त्यातल्या गोल सपाट बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद होणारं असावं. ती बॅटरी गिळली तर अन्ननलिका दोन तासांत भाजू लागते.

चकल्या तळताना स्मोक अलार्म वाजला तर त्याची बॅटरी काढू नका. खिडकी उघडा, पंखा लावा, अलार्मखाली टॉवेल हलवा. काढलेली बॅटरी परत घालायची राहून जाते, आणि पणत्या त्याच संध्याकाळी लागायच्या असतात.